वीतभर पुढे

“या अ‍ॅम्प्लिफायरच्या जोरावर काकांनी ताम्हिणी घाटातून पुण्याशी संपर्क साधला आणि एका जखमी सायकलपटूचे प्राण वाचवले.”

आमच्या हौशी रेडिओ मंडळाच्या खोलीत, काचेच्या कपाटात, काळ्या रंगाचा एक धातूचा खोका ठेवला आहे आणि त्याच्याखाली वरील मजकुराची पाटी लावली आहे. पाटी सुबक आहे. मजकूर मंडळाच्या तरुण चिटणिसांचा आहे. त्यातला प्राण वाचवण्याचा भाग अतिशयोक्तीचा आहे. त्या बाईंचे खांद्याजवळचे हाड मोडले होते, प्राण शाबूत होते, आणि इतके शाबूत की रुग्णवाहिकेत चढताना त्या आपल्या सायकलची चौकशी करत होत्या. तरी गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द वाढवून बोलण्याची रीत आहे, म्हणून तेवढे मी सोडून देतो. माझा वाद आहे तो पहिल्या तीन शब्दांशी.

वाद घालण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारील. अधिकार हा, की या माणसाचा मत्सर मी जितकी वर्षे आणि जितक्या निष्ठेने केला, तितका पुण्यात दुसऱ्या कोणीही केलेला नाही. त्यांच्यावर प्रेम करणारे पुष्कळ होते. परंतु प्रेम करणाऱ्यांचे फारसे लक्ष नसते. मत्सर करणाऱ्याला बारीकसारीक सगळे पाहावे लागते.

आपणही त्यांना कधी तरी पाहिले असेल. नारायण पेठेत त्यांचे चष्म्याचे दुकान होते. दारावर त्यांच्याच हस्ताक्षरात रंगवलेली पाटी होती: ‘ही पाटी वाचता येत असल्यास आत येण्याचे कारण नाही.’ तरीही लोक आत जात. ते गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड, गोल, तपासणीची चौकट चढवत, एक काच काढून दुसरी घालत आणि विचारत, “आता बरं, की मघाशी?” पुन्हा काच बदलत. “आता बरं, की मघाशी?” गिऱ्हाईक गोंधळून “दोन्ही सारखंच” म्हणाले, तर ते म्हणत, “दोन्ही सारखं कधीच नसतं. परत बघा. मला घाई नाही, तुम्हाला असेल तर दुकानं पुष्कळ आहेत.”

हाच माणूस दुकान बंद करून आपल्या जुन्या पांढऱ्या मोटारीत बसला, की रेडिओवर तेच करी.

हौशी रेडिओ म्हणजे काय, हे आता समजावून सांगावे लागते. परीक्षा देऊन, सरकारी परवाना घेऊन, आपल्याच यंत्रावरून एकमेकांशी बोलणारी आम्ही मंडळी. मोबाइल फोन असताना हे कशाला, असा प्रश्न माझ्या सुनेनेही मला विचारला आहे. त्याचे उत्तर ताम्हिणी घाटात मिळते, कारण तिथल्या कित्येक वळणांवर फोन हा केवळ घड्याळ म्हणून चालतो. आमचे आवाज एफएमवर एका डोंगरमाथ्यावरच्या रिपीटरपर्यंत जातात. तो रिपीटर ऐकलेले सगळे पुन्हा जोराने प्रक्षेपित करतो आणि मग ते शहरभर ऐकू येते. प्रश्न एवढाच असतो, की आपला आवाज त्या डोंगरापर्यंत पोचतो की नाही.

तर हे गृहस्थ गाडी कडेला घेत, इंजिन बंद करत, काच खाली करत आणि रेडिओतली ती नुसती सळसळ कान देऊन ऐकत. मग म्हणत, “थांबा, वीतभर पुढे घेतो.” आणि खरोखरच गाडी सुरू करून ती वीतभर पुढे घेत. पुन्हा इंजिन बंद. पुन्हा सळसळ. मग पलीकडच्याला विचारत, “आता बरं, की मघाशी?”

एकदा लक्ष्मी रस्त्याच्या चौकात सिग्नलला मी त्यांच्या शेजारच्या आसनावर होतो.

“अहो काका, लाल आहे,” वाहतूक पोलीस ओरडला.

“लाल आहे ना? मग मी वीतभर पुढे घेतो,” ते रेडिओच्या नादात म्हणाले आणि घेतली. चाके पांढऱ्या पट्ट्यांवर गेली. त्यांनी बटण दाबून हडपसरच्या कोणाला तरी विचारले, “आता बरं, की मघाशी?”

“मघाशी!” पोलीस म्हणाला. “मघाशी बरं होतं, काका! मागं घ्या!”

तो हसत होता, हे मी मुद्दाम नमूद करतो. मी पट्ट्यांवर गाडी घातली तेव्हा माझ्याकडे पाहून कोणी हसले नव्हते.

आता त्या खोक्याविषयी. हातात मावणाऱ्या रेडिओची शक्ती पाच वॅट असते. मोटारीत बसवायचा अ‍ॅम्प्लिफायर मधे जोडला, की तीच पन्नास होते. खोका बॅटरीवर चालतो, भरपूर वीज खातो, तापतो, म्हणून त्याच्या पाठीवर उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या फासळ्या असतात. त्यांचा खोका शेजारच्या आसनाखाली असे. तिथे बसणाऱ्याच्या पोटऱ्यांना थंडीत बरे वाटे. मंडळात असा खोका आणणारे ते पहिले. साहजिकच त्यांचा आवाज सगळ्यांपेक्षा मोठा, आणि साहजिकच सगळ्यांनी त्यांना मानायला सुरुवात केली. निदान माझा सिद्धान्त असा होता. मी खडकीच्या एका संरक्षण कारखान्यात अभियंता होतो, आणि कारणावाचून कार्य होत नाही एवढे मला कळते.

एफएमचा एक निर्दय नियम वाचकांनी लक्षात घ्यावा, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. दोन माणसे एकाच वेळी बोलली, तर दोघांची खिचडी ऐकू येत नाही. जो जास्त जोराने पोचतो तोच ऐकू येतो, स्वच्छ, जणू दुसरा कोणी बोललाच नाही. दबलेल्याला ते कळत नाही, आणि ऐकणाऱ्यालाही. सकाळी रेडिओवर सगळे जमतात त्या आमच्या हजेरीत मी कित्येकदा अत्यंत मुद्देसूद असे काही बोलून बटण सोडत असे आणि ऐकत असे, की सगळे जण काकांच्या कसल्याशा विनोदावर हसत आहेत.

त्यांना मात्र शंका येई. मधेच ते थांबत. “जरा दम धरा हो. इंजिनियरसाहेब इतका वेळ गप्प आहेत म्हणजे नक्की बोलत असणार. बोला साहेब, मी बाजूला होतो.”

मग सगळी वाहिनी माझ्यासाठी रिकामी केली जाई, आणि मी म्हणे, “मला काही सांगायचं नाही.”

घरातही तेच. आमच्या सौभाग्यवतींनी त्यांच्याकडून चष्मा करून घेतला तेव्हापासून त्या पक्षांतर करून बसल्या. ते रेडिओवर आले की त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहत, आणि मी बोलू लागलो की त्यांना कुकर लावायचा असे.

“तुमच्यापेक्षा मोठं बोलत नाहीत हो ते,” एकदा त्या म्हणाल्या. “हळू बोलतात. म्हणून ऐकावंसं वाटतं.”

“पन्नास वॅट आहेत त्यामागे,” मी म्हणालो.

“असतील,” त्या म्हणाल्या. “दुकानात कुठे होते?”

मी रेडिओ बंद केला.

आता घाटातला तो दिवस. एका सायकल मंडळाची ताम्हिणी घाटातून फेरी होती आणि वाटेवरच्या ठाण्यांची व्यवस्था आमच्याकडे होती. पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका गच्चीवर नियंत्रण केंद्र होते. तिथे चिटणीस स्वतः कानांवर हेडफोन चढवून बसले होते. घाटातली शेवटची दोन ठाणी आम्हा दोघांकडे आली होती: एक माझे, आणि वळसा घालून पुढे एक त्यांचे.

सकाळी चांदणी चौकाच्या पुढे चहाला आम्ही दोघेच थांबलो. मी आदल्या सकाळच्या हजेरीत पुन्हा दबलो होतो, त्यामुळे चहा मला गोड लागत नव्हता.

“तुमचं सगळं त्या खोक्यात आहे,” मी म्हणालो. “तो काढला तर तुम्ही वाकडपर्यंत ऐकू यायचे नाहीत.”

“असं म्हणता?” ते म्हणाले. त्यांनी बशीतला चहा संपवला, रुमालाने मिशा पुसल्या. “खोका म्हणजे तोंड हो, साहेब. कान आपले आपणच आणायचे असतात.”

“ही चष्म्याच्या दुकानातली वाक्यं मला नकोत. सिद्ध करा.”

“करू की,” ते म्हणाले. “माझी काय हरकत आहे?”

तिथे, मोटारींपाशी, त्यानंतर काय झाले ते मी शेवटी सांगणार आहे. आम्ही निघालो.

दुपार व्हायच्या आत एक स्वयंसेवक सायकल दामटत माझ्या ठाण्यावर आला. वरच्या वळणावर एक बाई खडीवरून घसरून चरात पडल्या होत्या, हात उचलता येत नव्हता, रंग पांढराफटक झाला होता. रुग्णवाहिका हवी होती. ती पौडला उभी होती आणि तिला निरोप फक्त पुण्यातूनच जाऊ शकत होता. स्वयंसेवक मला सांगून तसाच मागे वळला आणि बाईंच्या वळणापलीकडच्या ठाण्यावरून काकांना बोलवायला गेला.

मी ताबडतोब हाक मारली. नेमून दिलेल्या जागेवरून, नियमाप्रमाणे, स्पष्ट उच्चारात. बटण सोडले. उत्तर नाही. पुन्हा मारली, आणि पाव तास मारतच राहिलो. माझ्या डाव्या हाताला कातळाची उभी भिंत होती. तिच्याकडे पाहून मी कितव्यांदा तरी, अधिक मोठ्याने, हाक मारली. मोठ्याने बोलल्याने एफएमवर काडीचा फरक पडत नाही, हे मी इतरांना शिकवत आलो आहे. बटण सोडले, तेव्हा रेडिओवर पुण्याचा आवाज होता, पण तो माझ्याशी बोलत नव्हता.

“काका, एकदम क्लिअर! कळलं. अ‍ॅम्ब्युलन्स निघतेय. पेशंट शुद्धीवर आहेत का?”

“शुद्धीवर आहेत आणि माझ्यावर रागावल्यात,” त्यांचा आवाज आला. “मी त्यांना ‘आता बरं, की मघाशी’ विचारलं म्हणून. आणि चिटणीस, जरा थांबा. खाली इंजिनियरसाहेबही हाक मारत असतील. त्यांना घ्या.”

पुणे काही क्षण थांबले. मी बोललो. पुणे म्हणाले, “नाही काका, कोणीच नाहीये.”

रुग्णवाहिका माझ्या समोरून वर गेली. मी तिला हात करून रस्ता दाखवला. दाखवण्यासारखा दुसरा रस्ता नव्हता.

पुढे त्या स्वयंसेवकाने मंडळात येऊन सांगितले, की काका त्या वेळी निम्म्या रस्त्यात गाडी पुढे घेत होते, मागे घेत होते, पुन्हा पुढे घेत होते. “मला वाटलं गिअर अडकला. मी म्हटलं, काका ढकलू का? तर म्हणतात, ढकल, पण वीतभरच.” सगळे खूप हसले. त्या हसण्यात, तो काय सांगून गेला, हे कोणी ऐकले नाही. मी ऐकले. मी हसत नव्हतो.

त्याच बैठकीत काकांना शाल-श्रीफळ झाले. चिटणिसांनी विचारले, “काका, किती वॅट मारले त्या दिवशी? खरं सांगा.”

ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले. मी दुसऱ्या रांगेत होतो. ते खाली उतरून आले, माझ्या नाकावरचा चष्मा काढून घेतला, शालीच्या टोकाने पुसला, पुन्हा माझ्या नाकावर ठेवला आणि दोन्ही दांड्या कानांमागे नीट बसवल्या. चारचौघांत असे कोणी केलेले मला आवडत नाही.

“भरपूर,” ते चिटणिसांना म्हणाले. “भरपूर होते.”

टाळ्या पडल्या. पाटीवरच्या मजकुराचा उगम हा असा आहे. त्यानंतर मंडळातल्या निम्म्या लोकांनी गाडीत खोके बसवले, आणि आता घाटात गेले की सगळे एकमेकांना सोडून सगळ्या जगाला ऐकू येतात.

या बाबतीत आमच्यात पुढे कधी बोलणे झाले नाही. ते काढतील म्हणून मी वाट पाहत राहिलो. ज्याच्याकडे असा हुकमाचा पत्ता आहे, तो कधी तरी खेळतोच, असा माझा अनुभव आहे. हजेरीत मी त्यांना टोचून बोलत असे, मुद्दाम, की आता तरी निघेल. ते म्हणत, “साहेब आज खणखणीत येताहेत हो. आता बरं आहे, मघाशीपेक्षा.” त्यांनी तो पत्ता खिशात ठेवला आणि तसेच गेले. मत्सरासाठी माणसाने आणखी काय करायचे बाकी ठेवावे?

ते अल्पशा आजाराने गेले. शेवटच्या महिन्यात दुकान पुतण्याने पाहिले. आता शटर ओढलेले आहे. ‘आत येण्याचे कारण नाही’ ही पाटी अजून तिथेच आहे, आणि हल्ली ती मला चष्म्याशिवायही वाचता येते, कारण पाठ झाली आहे.

शोकसभेत चिटणिसांनी खोका कपाटात ठेवण्याची कल्पना मांडली आणि पाटीचा मजकूर वाचून दाखवला. मी उभा राहिलो.

“पहिले तीन शब्द काढा,” मी म्हणालो.

“का, काका?” चिटणीस म्हणाले. आता काका मी झालो आहे.

“चुकीचे आहेत म्हणून. त्या दिवशी खोक्याचा काही संबंध नव्हता. जागेचा होता. त्यांनी जागा शोधली.”

“पण ते स्वतः म्हणाले, भरपूर पॉवर होती. रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे.”

“ते म्हणाले ते मी मानत नाही.”

सभेत कुजबुज झाली. कोणी तरी मागून म्हणाले, “गेल्यावर तरी सोडा आता.” चिटणीस भला मुलगा आहे, आयटीत आहे, मोठ्यांशी आदराने बोलतो. तो आदरानेच म्हणाला, “सॉरी काका, पण तुम्हाला कसं माहीत असणार? तुम्ही तर त्या दिवशी ऐकूच आला नाहीत.”

मी बसलो नाही. बाहेर पडलो. सदाशिव पेठेतून घरी चालत आलो, आणि वाटेत एकाही ओळखीच्या माणसाला ओळख दिली नाही.

सौभाग्यवतींनी दारातच विचारले, “सांगितलंत?”

“काय सांगायचं?”

“अहो, मला ठाऊक आहे ते. त्या दिवशी घाटातून आलात तेव्हा शेजारची सीट उन्हात ठेवल्यासारखी तापली होती. मी पिशवी ठेवायला गेले तर हात भाजला.”

“इतकी वर्षं बोलला नाहीत?”

“ते बोलले नाहीत, मग मी कशाला बोलू?” त्या म्हणाल्या आणि कुकर लावायला गेल्या.

म्हणून हे लिहितो आहे. पाटी काढावी अशी माझी विनंती नाही, मागणी आहे. त्यांचा मोठेपणा सांगण्यासाठी ती मी करत नाही. तो सांगायला पुण्यात पुष्कळ लोक आहेत. मी माझ्या हिताचे बोलतो. माझ्या आयुष्याचा एवढा काळ मी एका माणसाचा मत्सर करण्यात घालवला, आणि आता मंडळ मला लेखी सांगते आहे, की तो माणूस नव्हता, तो बाजारात मिळणारा एक खोका होता. हे मी मान्य करणार नाही. मी खोक्यांचा मत्सर करत नाही.

त्यांचे ते ‘भरपूर’ कोणी पुरावा म्हणून पुढे करू नये. ते कोणासाठी उच्चारले गेले, हे दुसऱ्या रांगेत बसलेल्या एका माणसाला समजले होते, आणि त्या एका शब्दाचाही तो आजवर मत्सर करतो आहे. स्वयंसेवक अजून पुण्यातच आहे, गाडी वीतभर ढकलल्याचे तो शपथेवर सांगेल. पण त्याचीही गरज नाही.

चांदणी चौकाच्या पुढे, चहा झाल्यावर, ते आपल्या मोटारीकडे गेले, आसनाखालून खोका काढला, बॅटरीच्या जाड तारांसकट तो हातांवर घेऊन माझ्यापाशी आले आणि म्हणाले, “घ्या साहेब. संध्याकाळी परत द्या.” त्यांच्या तारा त्यांनीच माझ्या बॅटरीला जोडल्या, घट्ट आहेत ना ते ओढून पाहिले.

ताम्हिणीत तो अ‍ॅम्प्लिफायर माझ्या गाडीत होता, आणि चालू होता.